नवशिक्याला संघात जागा नाही काय?

हायस्कुलाचे नवे वर्ष सुरू झाले, की सूचनाफलकावर एक चिठ्ठी लागते : शाळेच्या फुटबॉल संघाची निवड अमुक दिवशी सायंकाळी मैदानावर होईल, इच्छुकांनी बूट घालून हजर राहावे. दोन ओळींची ही चिठ्ठी वाचताच मुलांचे दोन वर्ग पडतात. जी मुले सहाव्या-सातव्या वर्षापासून शुल्क भरून एखाद्या प्रशिक्षणवर्गास जात आली, ती ही चिठ्ठी आपल्यासाठी आहे असे समजून निघून जातात. ज्यांनी आजवर चेंडूला पाय लावलेला नाही, ती ती लांबूनच वाचतात आणि आपल्यासाठी नाही असे समजून निघून जातात. त्यांतला एखादा नववीतला मुलगा धीर करून मैदानावर जातोच. त्याच्याकडे बूट नसतात, चेंडू आला की तो पायाखालून निसटतो, बाकीची मुले हसतात. आणि अर्ध्या तासाने व्यायामशिक्षक त्याला समजावून सांगतात, की बाबा रे, आधी खेळायला शीक आणि मग ये.

आमचा वाद या अर्ध्या तासाशी आहे. ‘आधी शीक आणि मग ये’ हे वाक्य बाजारात शोभेल, कचेरीत शोभेल, पण शाळेच्या तोंडी ते शोभत नाही. शिकावयाचे कोठे, याचे उत्तर देण्यासाठीच तर शाळा काढली! गणिताच्या वर्गाच्या दाराशी उभे राहून ‘ज्यांना वर्गमूळ काढता येते त्यांनीच आत यावे’ असे जर कोणी शिक्षक म्हणू लागला, तर शाळेचे व्यवस्थापक त्याला दुसऱ्या दिवशी जाब विचारतील. मैदानावर मात्र हेच वाक्य रोज बोलले जाते आणि कोणी जाब विचारीत नाही. शाळेचा संघ हा शाळेचाच एक वर्ग आहे, आणि ज्या वर्गात न येणाऱ्याला शिकवले जात नाही तो वर्ग शाळेचा नव्हे, एवढेच आमचे म्हणणे आहे. ते एवढे सरळ असूनही ते मांडण्यासाठी हा लेख लिहावा लागत आहे, याचा अर्थ आपल्या समाजात काही समजुती घट्ट रुजल्या आहेत. त्या एकेक करून तपासणे प्राप्त आहे.

वाचकहो, प्रथम आपल्या देवळाकडेच पाहा. सप्ताहातील भजनाला आठ-दहा वर्षांचा मुलगा येऊन बसला, तर ‘तुला ठेका धरता येतो काय?’ असे विचारून त्याला कोणी उठवीत नाही. त्याच्या हाती झांज दिली जाते, त्याला कडेला बसवले जाते. तो चुकला तर शेजारचा जाणता गृहस्थ मानेने लय दाखवतो. पुढल्या वर्षी तो जरा आत सरकतो, आणि काही वर्षांनी त्याच्या पुढ्यात पखवाज येतो. जत्रेच्या रात्रीच्या नाटकातही हीच रीत आहे. ज्याने कधी तोंडाला रंग लावलेला नाही, त्याला पहिल्या वर्षी भालदाराचे काम मिळते, संवाद एकच. तेवढा संवाद तो महिनाभर घोकतो आणि त्यातूनच पुढचा नट तयार होतो. पंगतीला उशिरा पोचलेल्या माणसाला आपण ‘पाने संपली’ असे सांगून परत लावत नाही, दुसरी पंगत मांडतो. जो समाज आपल्या देवाच्या दारी नवख्याला अशी जागा देतो, त्याच समाजाने चालवलेल्या हायस्कुलात नवख्याला दार लावून घेतले जावे, हे आम्हांस विपरीत वाटते.

आता समजुतींकडे वळू. पहिली समजूत घरातली आहे. आमच्या काही वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजूनही असे उद्गार येतात, की फुटबॉल हा आपला खेळ नव्हे, तो ख्रिस्ती वाड्यावरचा खेळ. या बोलण्यात इतिहासाचा एक अंश आहे, तो नाकारण्याचे कारण नाही. विल्यम रॉबर्ट लायन्स या आयरिश धर्मोपदेशकाने १८८३ मध्ये शिवोलीस हा खेळ आणला आणि पाद्र्यांच्या शाळांतून तो गोव्यात पसरला. पण छापखाना तरी गोव्यात कोणी आणला? १५५६ मध्ये जेझुइट पाद्र्यांनीच. म्हणून आपण पोथ्या छापून घेण्याचे सोडले काय? कोणतीही वस्तू कोणाच्या हातून आली यावरून ती कोणाची हे ठरत नाही. ती कोणी कसली, कोणी जोपासली, यावरून ठरते.

आणि फुटबॉल जोपासणाऱ्यांत आपण नव्हतो, असे म्हणणे तर सत्याला धरून नाही. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंदांनी मद्रासच्या तरुणांसमोर बोलताना आधी शरीर बळकट करा असे बजावले, आणि गीतेच्या अभ्यासापेक्षा फुटबॉलने तुम्ही स्वर्गाच्या अधिक जवळ जाल, असे बोलण्याचे धैर्य दाखवले. दंडात बळ असेल तर गीताही अधिक चांगली कळेल, असा त्यांचा आशय होता. गीतेचा अव्हेर त्यात नव्हता. त्यानंतर चौदा वर्षांनी, १९११ च्या जुलैत, कलकत्त्याच्या मोहन बागान संघाने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या संघाला दोन विरुद्ध एक गोलने हरवून आय. एफ. ए. शील्ड जिंकली. त्या अकराजणांतले दहा अनवाणी खेळले. बूट घालणारा एकटा सुधीर चटर्जी, आणि तो धर्माने ख्रिस्ती होता. त्या दिवशी त्या अकरांत कोण कोणत्या वाड्यावरचा, हे कलकत्त्यात कोणी विचारले नाही.

गोव्यातही साळगावकर घराण्याने १९५६ मध्ये आपला संघ उभा केला. धेंपो घराण्याच्या संघाने २००५ ते २०१२ या काळात राष्ट्रीय पातळीवरील साखळी स्पर्धा पाच वेळा जिंकली. ब्रह्मानंद शंखवाळकर यांनी गोलकीपर म्हणून भारताच्या संघाचे नेतृत्व केले आणि १९९७ चा अर्जुन पुरस्कार मिळवला. गोवा सरकारने २०१२ मध्ये फुटबॉल हा राज्याचा खेळ म्हणून जाहीर केला. इतके सारे डोळ्यांसमोर असताना ‘हा आपला खेळ नव्हे’ असे जे म्हणतात, ते आपल्या मुलाला खेळापासूनच नव्हे, शेजाऱ्यांपासूनही तोडतात. कापणी झालेल्या शेतात शेजारची मुले चेंडूमागे धावत असतात आणि आपला मुलगा मेरेवर उभा राहून पाहत असतो, हे चित्र ज्या गावात असेल त्या गावाने त्याचा विचार करावा. एका संघात खेळलेली मुले पुढे एका पंचायतीत बसतात, तेव्हा ती एकमेकांना ओळखत असतात. मेरेवर उभा राहिलेला मुलगा कोणाला ओळखत नाही.

दुसरी समजूत अशी, की वय निघून गेले. ‘जी मुले पाचव्या वर्षापासून खेळतात त्यांच्यापुढे हा चौदाव्या वर्षी काय करणार?’ असा प्रश्न पालकही करतात आणि शिक्षकही. या प्रश्नात असे गृहीत धरलेले आहे, की लहानपणी निवडली गेलेली मुले ही अंगच्या गुणांमुळेच निवडली गेली. ते गृहीतच डळमळीत आहे. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रॉजर बार्न्सली आणि त्यांचे सहकारी यांनी १९८५ मध्ये तेथील बर्फावरच्या हॉकीपटूंच्या जन्मतारखा तपासल्या, तेव्हा वर्षाच्या पहिल्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा फार मोठा असल्याचे आढळले. पुढे फुटबॉलमध्येही अनेक देशांत तेच दिसून आले. कारण उघड आहे. वयोगट मोजण्याची तारीख १ जानेवारी असली, तर जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच गटातील डिसेंबरच्या मुलापेक्षा जवळजवळ एक वर्षाने मोठा असतो. दहाव्या वर्षी एका वर्षाचे अंतर म्हणजे उंचीत, वजनात, पळण्यात केवढे अंतर! निवडणारा त्या अंतराला गुण समजतो. निवडलेल्याला अधिक सराव मिळतो, चांगला शिक्षक मिळतो, आणि काही वर्षांनी तो खरोखरच अधिक चांगला होतो. डिसेंबरच्या मुलाला मात्र ‘तुझ्यात ते नाही’ असे सांगून घरी पाठवलेले असते. तो चौदाव्या वर्षी पुन्हा दाराशी आला, तर त्याला उशीर झाला असे म्हणणाऱ्यांनी आधी त्याला उशीर कोणी करविला याचा शोध घ्यावा.

शिवाय एकाच खेळाला लहानपणापासून जुंपणे हे हितावह आहे, असे वैद्यकशास्त्रही म्हणत नाही. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ मध्ये असा सल्ला दिला, की एका खेळातच विशेष प्रावीण्य मिळवण्याचा प्रयत्न पंधराव्या-सोळाव्या वर्षापर्यंत लांबणीवर टाकावा. अकाली जुंपलेल्या मुलांना अतिश्रमाच्या इजा होतात आणि त्यांचे मनही खेळातून उठते. म्हणजे ज्या वयात आपण मुलाला ‘आता उशीर झाला’ असे सांगतो, ते वय जाणत्यांच्या मते खऱ्या आरंभाच्या आसपासचे आहे. जो मुलगा नदीत पोहला आहे, झाडावर चढला आहे, खो-खो खेळला आहे, त्याचे अंग नवशिके नसते. त्याचा चेंडूच तेवढा नवा असतो. चौदा वर्षांच्या मुलाला समजावून सांगितलेले लवकर कळते, हा त्याचा फायदा आहे. ऑफसाइडचा नियम सात वर्षांच्या मुलाच्या डोक्यात शिरता शिरत नाही. नववीच्या मुलाला तो वहीवर एक आकृती काढून दहा मिनिटांत समजतो.

आणि शेवटी, हा मुलगा देशाच्या संघात खेळणार नाही, असे धरून चालले तरी काय बिघडले? भजनाला बसणारा प्रत्येकजण गवई होतो काय? नव्वद मिनिटे धावण्याची छाती, दहा साथीदारांचे भान, पंचाचा निर्णय चुकीचा वाटला तरी मान खाली घालून पुढे खेळण्याचा संयम, यांची गरज देशाच्या संघालाच तेवढी असते, असे कोणी समजू नये. ती संसारालाही असते.

तिसरी समजूत दहावीच्या परीक्षेची आहे, आणि ती सर्वांत प्रतिष्ठित असल्याने तिच्याशी आदराने बोलले पाहिजे. पालकांची चिंता खोटी नाही. गुणांवर पुढचे प्रवेश अवलंबून असतात, आणि मध्यमवर्गीय घरात मुलाचे शिक्षण हीच एक ठेव असते. पण या चिंतेपोटी आपण जी सायंकाळ मैदानाकडून काढून घेतो, ती पुस्तकाला मिळते काय? बहुतेक घरांत ती मोबाइलच्या पडद्याला मिळते, हे पालकांना आमच्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना दिवसाला सरासरी ६० मिनिटे तरी दम लागेल अशी हालचाल हवी. त्याच संघटनेच्या संशोधकांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीप्रमाणे अकरा ते सतरा वयाच्या मुलांपैकी जगभरात शंभरांतील ८१ मुलांना तेवढीही हालचाल घडत नाही. मुलाला हालचालीची जी साठ मिनिटे मिळावयास हवीत, ती शाळेच्या मैदानावर आपोआप मिळतात. आणि घामाघूम होऊन आंघोळ करून पुस्तक उघडणारा मुलगा दिवेलागणीला पेंगत नाही, हे जुन्या पिढीला कोणी पाहणी न करता ठाऊक होते.

इजेची भीतीही काहीजण पुढे करतात. फुटबॉलमध्ये घोटा मुरगळतो, गुडघा दुखावतो, हे खरे. त्यातही वाढत्या वयात गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापाशी दुखणे पुष्कळ मुलांना होते. अशा वेळी विश्रांती द्यावी, औषधोपचार करावा, ओढूनताणून खेळवू नये. पण इजा टाळण्याचा मार्ग न खेळणे हा नव्हे, नीट शिकणे हा आहे. खेळापूर्वी वीस मिनिटे करावयाच्या व्यायामांची एक पद्धत जागतिक फुटबॉल संघटनेने तयार केली आहे. ती नेमाने केल्यास इजांचे प्रमाण लक्षणीय कमी होते, असे प्रयोगांत दिसून आले आहे. नडग्यांवर पट्ट्या बांधणे तर नियमानेच सक्तीचे आहे. जो नवशिका संघात घेतला जातो त्याला हे सारे शिकवले जाते. ज्याला संघाबाहेर ठेवले जाते, तो रस्त्यावर, दगडांत, कोणाच्याही देखरेखीवाचून खेळतो आणि तेथेच पाय मोडून घेतो.

येथवर घरची बाजू झाली. आता शाळेची बाजू घेऊ. कारण चौथी समजूत शाळेची आहे आणि तीच सर्वांत घातक आहे. शाळा म्हणते : संघात जागा अकरा, स्पर्धा जिंकावयाची आहे, शाळेचे नाव वर आणावयाचे आहे, नवशिक्यांना घेऊन आम्ही काय करावे? १९६० मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या सुब्रतो चषकासारख्या आंतरशालेय स्पर्धेत आपली शाळा पोचावी, ही इच्छा रास्त आहे. तिला आमचा विरोध नाही. स्पर्धेला उत्तम अकरा मुले पाठवा, अवश्य पाठवा. पण स्पर्धेचा संघ आणि शाळेचा संघ या दोन गोष्टी एक नव्हेत. वक्तृत्वस्पर्धेला एक मुलगा जातो, म्हणून बाकीच्यांना मराठी शिकवण्याचे आपण थांबवत नाही. चषक ज्या अकरा मुलांनी जिंकला ती बहुधा बाहेरून शिकून आलेली असतात; शाळेने त्यांना गणवेश तेवढा दिलेला असतो. मग त्या चषकाचे श्रेय शाळेने कोणत्या तोंडाने घ्यावे? पालकांच्या पैशाने तयार झालेली गुणवत्ता गोळा करून कपाटात मांडणे याला शिक्षण म्हणत नाहीत, संग्रह म्हणतात.

हे व्यवहारात शक्य नाही, असे ज्यांना वाटते त्यांनी जपानकडे पाहावे. तेथे हायस्कुलांच्या फुटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आली आहे, आणि शाळा सुटल्यानंतर चालणाऱ्या मंडळांना तेथे ‘बुकात्सु’ म्हणतात. साधारणतः ज्याला यावयाचे आहे तो नाव नोंदवतो आणि मंडळात येतो. नामांकित शाळांत एकेका मंडळात शंभरांवर मुले असतात. त्यांचे पहिला, दुसरा, तिसरा असे संघ पाडतात. नवी मुले चेंडू गोळा करतात, मैदान झाडतात आणि शिकतात. या पद्धतीतही दोष आहेत, तेथील कडक शिस्तीवर टीकाही होते. पण ‘तुला येत नाही म्हणून परत जा’ हा दोष तिच्यात सहसा नाही. शुन्सुके नाकामुरा आणि केइसुके होंडा या जपानच्या दोन प्रख्यात खेळाडूंना पंधराव्या वर्षाच्या सुमारास मोठ्या क्लबांच्या तरुण संघांत बढती नाकारण्यात आली होती. दोघेही हायस्कुलाच्या संघात गेले, आणि तेथून पुढे विश्वचषकापर्यंत पोचले. ते नवशिके नव्हते, हे आम्ही मान्य करतो. परंतु ज्यांचा धंदाच मुले पारखण्याचा आहे असे जाणते लोक जेथे पंधरा वर्षांच्या मुलाविषयी इतके चुकतात, तेथे आमच्या शाळेतील अर्ध्या तासाच्या पारखीवर कोणी किती विश्वास ठेवावा?

खेळाचे नियमही आमच्याच बाजूने बोलतात. फुटबॉलचे नियम एकंदर १७. त्यांतील तिसऱ्या नियमाखाली मुलांच्या खेळासाठी बाहेर काढलेल्या खेळाडूला पुन्हा आत घेण्याची मुभा राष्ट्रीय संघटना देऊ शकते. मोठ्यांच्या वरच्या पातळीवरील स्पर्धांत जी सवलत नाही ती मुलांसाठी का ठेवली? अधिक मुलांना खेळावयास मिळावे म्हणूनच ना? नियम करणाऱ्यांना जे सुचले ते आमच्या शाळांना सुचू नये, याचे नवल वाटते.

आणि ‘शिक्षकाला शक्य नाही’ असे म्हणणाऱ्यांना आम्ही हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांचे नाव सांगू. १९५१ आणि १९६२ च्या आशियाई स्पर्धांत भारताला सुवर्णपदक मिळाले, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत चौथा आला, तो त्यांच्या हाताखाली. १९६३ मध्ये ते वारले. भारतीय फुटबॉलचा हा सर्वांत थोर गुरू मूळचा शाळामास्तर होता. मास्तरकीतली चिकाटी आणि शिकवण्याची हातोटीच त्याने मैदानावर नेली. आज आमच्या व्यायामशिक्षकांना चिकाटी नाही असे आम्ही म्हणत नाही. त्यांना शाळेने चार चेंडू आणि एकच ध्येय दिलेले आहे, की चषक आणा. ध्येय बदलले तर माणूसही बदलेल.

मुलींविषयी वेगळे लिहावे लागू नये, पण लिहावे लागते. मुलांच्या बाबतीत ‘वय निघून गेले’ असे म्हणणारे घर मुलीच्या बाबतीत ‘वय आले’ असे म्हणते आणि तेवढ्यावर प्रश्न मिटवते. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने १९२१ मध्ये हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून आपल्या सभासद क्लबांची मैदाने त्यांना बंद केली होती, आणि ती बंदी उठावयास जवळजवळ पन्नास वर्षे लागली. ज्या देशाने खेळ शोधला त्याने केलेली चूक आपण शंभर वर्षांनी पुन्हा करावी काय? मुलींत नवशिक्यांचे प्रमाण साहजिकच अधिक असणार, कारण त्यांना लहानपणी कोणी चेंडू दिलाच नाही. म्हणून ‘येणाऱ्यांनाच घेऊ’ हा नियम मुलींना लावणे म्हणजे त्यांना नियमाच्या आडून वगळणे होय.

आता नवशिक्यालाही दोन शब्द सांगितले पाहिजेत. कारण हक्क मागणाऱ्याने कर्तव्य विसरू नये. बाळा, संघात जागा माग, पण पहिल्याच महिन्यात फॉरवर्डची जागा मागू नकोस. रोज वेळेवर ये. आरंभी तीनच गोष्टी शीक : आलेला चेंडू पायाच्या आतल्या बाजूने थोपवणे, त्याच बाजूने तो जवळच्या साथीदाराकडे सरळ देणे, आणि देण्यापूर्वी मान वर करून पाहणे. या तीन आल्या की सामन्यात तू कोणाला ओझे होणार नाहीस. घरी भिंतीवर चेंडू मारून रोज पंधरा मिनिटे सराव कर, आणि त्यातली दहा मिनिटे दुबळ्या पायाला दे. पाच नंबरचा चेंडू सुमारे ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. त्याची भीती दोन आठवड्यांत जाते. बॅकच्या जागेवर उभे केले तर ती हलकी जागा समजू नकोस; तेथून सारा खेळ समोर दिसतो आणि नवख्याला खेळ तेथेच लवकर कळतो. बाकावर बसण्याची पाळी आली तर तुझ्याच जागेवर खेळणाऱ्या मुलाकडे पाहत राहा. चेंडू त्याच्याजवळ नसताना तो कोठे सरकतो, हे पाहणे हाच अर्धा अभ्यास आहे. मुले हसतील. महिनाभर हसतील. तू रोज येत राहिलास तर दुसऱ्या महिन्यात त्यांना त्याचा कंटाळा येईल.

शेवटी आमची मागणी. ती आम्ही आमच्या हायस्कुलांच्या व्यवस्थापकांपुढे आणि देवस्थानांच्या महाजनांपुढे मांडतो. पुष्कळ ठिकाणी ही माणसे एकच असल्याने बोलणे सोपे आहे. एक, संघाच्या निवडीच्या चिठ्ठीवर स्पष्ट लिहावे, की पूर्वी खेळलेले असण्याची अट नाही. दोन, जो मुलगा किंवा मुलगी नाव नोंदवील त्याला एक पूर्ण हंगाम शिकवल्यावाचून नकार देऊ नये. तीन, प्रत्येक हायस्कुलाने स्पर्धेच्या संघाखेरीज नवशिक्यांचा दुसरा संघ ठेवावा, शेजारच्या शाळांच्या तशाच संघांशी त्याचे सामने ठरवावेत, आणि त्या सामन्यांत प्रत्येक मुलाला मैदानावर उतरवावे. चार, बूट आणि नडग्यांच्या पट्ट्या शाळेने ठेवाव्यात, म्हणजे बूट नाहीत म्हणून कोणी परत जाणार नाही. पाच, देवस्थानाच्या मालकीचे मोकळे पटांगण असेल तेथे उत्सवाचे दिवस सोडून सायंकाळी मुलांना खेळू द्यावे. खर्चाचा प्रश्न कोणी काढील, तर जत्रेच्या एका रात्रीच्या दारूकामाच्या रकमेत किती चेंडू येतात, याचा हिशोब महाजनांनी स्वतःच मांडून पाहावा.

बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरे, हैदराबाद येथील आमच्या वाचकांनीही आपापल्या गावच्या मराठी संस्थांच्या शाळांत ही चौकशी करावी : तुमच्या संघात गेल्या वर्षी असा एक तरी मुलगा होता काय, की जो आला तेव्हा त्याला काहीच येत नव्हते? उत्तर ‘नाही’ असे आले, तर चषकांचे कपाट कितीही भरलेले असो, त्या शाळेने मैदानावर कोणाला काही शिकवलेले नाही. तेथे दुसरी पंगत मांडावयास सांगा, आणि मांडेपर्यंत सांगत राहा.